निरसं दूध

पाच वाजले की भुरी रेकायला लागायची. गेनबाच्या गोठ्यातल्या सहा म्हशींत तीच एक अशी हटवादी, की वेळ जरा टळली तर पान्हा चोरून उभी राही आणि मग तिच्या नाकदुऱ्या काढण्यात अर्धा तास जाई. म्हणून गेनबा पावणेपाचलाच गोठ्यात असायचा. डिसेंबरची थंडी, कालव्याकडून आलेलं धुकं, पायाखाली गार पडलेलं शेण. मांजरीतला हा गोठा आता तिन्ही अंगांनी बारा-बारा मजली इमारतींनी वेढला होता. त्यांच्या जिन्यांतले दिवे रात्रभर जळायचे, त्यामुळं गोठ्यात बल्ब लावायची गरज उरली नव्हती. बिल्डरचे एवढे एकच उपकार गेनबा मानायचा.

त्यानं भुरीपुढं आंबोणाची पाटी सरकवली, कोमट पाण्यानं कास धुतली, पहिल्या चार धारा भुईवर सोडल्या आणि मग चरवी न घेता पितळी पेला सडाखाली धरला. पेला फेसानं भरला. तो दोन्ही हातांत धरून, एक थेंब न सांडता, तो स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीशी आला, पेला पायरीवर ठेवला आणि बोटातली लोखंडी अंगठी पेल्यावर दोनदा वाजवली.

टिंग, टिंग.

दार उघडलं. सून शेफाली ओढणी डोक्यावर ओढत बाहेर आली. पाचवा महिना लागला होता. तोंडावर सूज, डोळे जड, थंडीनं अंग आखडलेलं. तिनं पेला उचलला, पाठमोरी होऊन एका दमात प्याली, विसळला आणि पायरीवर पालथा ठेवला. पालथा पेला दिसला की गेनबा वळायचा आणि बाकीच्या पाच म्हशींच्या धारा काढायला बसायचा.

या सगळ्यात एक शब्द बोलला जात नसे. गेनबाच्या घरात सासरा सुनेशी बोलत नसे. भांडण काही नव्हतं, रीत होती. त्याचा बाप त्याच्या बायकोशी बोलला नव्हता, आजा त्याच्या आईशी बोलला नव्हता. सून पुढ्यात उभी असली तरी गेनबा बायकोकडे बघून म्हणायचा, "तिला म्हनावं, पेंड भिजत घाल." मग मुक्ताबाई म्हणायची, "ऐकलंस का गं, पेंड भिजत घाल म्हनत्यात." शेफालीनं पहिल्यांदाच ऐकलेलं असायचं, पण पेंड भिजायची ती दुसऱ्यांदा सांगितल्यावरच. लग्नाआधी ती खराडीच्या एका कॉल सेंटरात होती. दिवसभर परक्या माणसांशी बोलून पगार घ्यायची. या घरात येऊन दोन वर्षांत ती न बोलायला शिकली. माणूस काय वाटेल ते शिकतो.

निरशा दुधाचा पेला मात्र रीत नव्हती. तो गेनबानं स्वतःच्या मनानं लावून घेतला होता आणि त्यामागं त्याचं एक ठुसठुसणारं कारण होतं.

याच वर्षी जानेवारीत शेजारच्या रानातला ऊस तुटत होता. तोडणी चालू असली की वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, फुकट मिळतात. म्हशींना दोन महिन्यांची ओली वैरण होते, पण ती त्याच दिवशी उचलावी लागते. मुक्ताबाईचा गुडघा सुजलेला. मुलगा साईनाथ कंपनीत. गेनबा एकटाच सकाळपासून मोळ्या ओढत होता आणि दुपारी कंबर धरली. तो बांधावरूनच घराकडं तोंड करून ओरडला, "आगं, कोन मोकळं आसंल तर दोन मोळ्या आनाया म्हनावं!"

घरात मोकळं कोण होतं हे त्याला ठाऊक होतं. शेफाली आली. चौथा महिना होता. तिनं चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि खाली मान घालून उभी राहिली. मोळी उचलून तिच्या डोक्यावर चढवून दिली ती गेनबानं. एक नाही, तीन. तिसऱ्या मोळीला तिचा पाय मुरगळल्यासारखा झाला, पण ती पडली नाही. सावरली आणि चालू लागली.

चौथ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं. ती रिकामी होऊन परत आली.

कुणी गेनबाला बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. साईनाथ जेवताना नेहमीसारखा ताटात बघून जेवला. मुक्ताबाईनं सुनेला महिनाभर शेक दिला, डिंकाचे लाडू केले. पुढं साईनाथ तिला दर महिन्याला हडपसरच्या दवाखान्यात नेऊ लागला. घरात एक पांढरी बाटली आली. गेनबानं एकदाच बायकोला विचारलं, "कसली गोळी?" मुक्ताबाई म्हणाली, "हाय बायकांचं कायतरी." तिथं विषय संपला. गेनबाला वाटलं, मोळीनं पोटात काही तुटलंबिटलं असेल, ते सांधायची गोळी असेल.

ऑगस्टात पुन्हा गोड बातमी कळली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचाला गेनबा पेला घेऊन मागच्या पायरीशी उभा होता. त्याची आई सांगायची, गर्भारणीला म्हशीचं निरसं दूध, उभ्याउभ्या, फेस बसायच्या आत. ते थेट बाळाच्या अंगी लागतं. जे तीन मोळ्यांनी नेलं ते आपण पेल्यापेल्यानं भरून देऊ, असा त्याचा हिशोब होता. तो कुणाला सांगायची सोय नव्हती, म्हणून तो रोज पायरीशी उभा राही आणि पेला पालथा पडेपर्यंत हलत नसे.

मध्ये एकदाच विघ्न आलं. पेला दारामागं तसाच राहिला आणि मांजरानं लवंडला. पायरीवरून दूध ओघळताना गेनबानं पाहिलं. त्या दिवशी तो जेवला नाही. आंबोणाच्या पाटीवर बसून राहिला. मुक्ताबाई सुनेला म्हणाली, "आगं पीत जा बाई तेवढं. मानूस मनाला लावून घेतंय." त्यानंतर पेल्याला खाडा पडला नाही.

आणि तरीही शेफाली दिवसेंदिवस मंद होत चालली होती. भाकरी थापता थापता डुलकी लागायची. दुपारच्या उन्हातही शाल पांघरून बसायची. फणीत केसांचे पुंजके यायचे. समोरच्या सोसायटीतल्या दूध न्यायला येणाऱ्या एक बाई हसत म्हणाल्या, "सूनबाई अजून झोपेतच का? मजा आहे!" मुक्ताबाईलाही आतून तसंच वाटत होतं, पण बाहेरच्या बाईनं म्हटल्यावर तिला राग आला आणि त्या दिवशी तिनं मापात दूध जरा कमीच घातलं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दवाखान्याची तारीख होती. साईनाथला सुट्टी मिळेना. मुक्ताबाईला जिना चढवत नव्हता. उरला गेनबा. त्यानं धोतर बदललं, टोपी झटकली आणि रिक्षा बोलावली. शेफाली मागं बसली, तिच्याशेजारी पिशवी. गेनबा ड्रायव्हरच्या अंगाला चिकटून पुढं बसला.

"काका, मागं रिकामं आहे की," ड्रायव्हर म्हणाला. "पोलीस पावती फाडेल."

"फाडू दे."

"तुम्ही भरणार का?"

"भरतो. चल."

सोलापूर रस्त्यानं तो अर्धा बाहेर लोंबकळत हडपसरला पोचला. एक मांडी गारठली, पण सुनेच्या शेजारी बसला नाही.

डॉक्टर उल्काबाई पन्नाशीच्या होत्या. बोलणं कमी आणि जे असेल ते कापून. त्यांनी शेफालीला बसवलं आणि दारात घुटमळणाऱ्या गेनबाकडे चष्म्यावरून पाहिलं.

"आपण कोण?"

"सासरा."

"या, आत या. सासरे सहसा येत नाहीत. बसा."

गेनबा खुर्चीच्या कडेवर टेकला. उल्काबाईंनी रिपोर्ट वाचला, मागचे कागद काढून शेजारी लावले.

"शेफाली, जूनमध्ये तुमचा थायरॉईडचा आकडा अडीच होता. छान होता, म्हणून तर मी पुढं जा म्हटलं. सप्टेंबरात सहा. मी डोस वाढवला. ऑक्टोबरात परत वाढवला. आज साडेनऊ. मी वाढवतेय आणि आकडाही वाढतोय. गोळ्या पोटात जातायत की मोरीत?"

"घेते मॅडम. रोज घेते."

"उपाशीपोटी?"

 मांडीवरच्या ओढणीचं टोक शेफाली बोटाला गुंडाळत होती. गेनबाला ते बघवेना. या पोरीला अजून कुणी बोलावं हे त्याला सहन होणारं नव्हतं. तो उभाच राहिला.

"डाक्टरीणबाई, तिला बोलू नका. ती काय बी चुकवत न्हाय. म्या सोता बघतो. घरची म्हस हाय. रोज पाचाला निरशा दुधाचा पेला देतो, ह्यो एवढा. ती प्याल्याबिगार म्या जागचा हालत न्हाय. चार महिनं झालं, एक दिस खाडा न्हाय."

एवढं तो वर्षभरात एका ठिकाणी बोलला नसेल. बोलून झाल्यावर त्याला बरंही वाटलं. कुठंतरी ते सांगायचंच होतं.

उल्काबाईंनी पेन खाली ठेवलं.

"पाचाला."

"व्हय."

"शेफाली, गोळी किती वाजता घेता?"

"पाचलाच. उठले की," शेफाली म्हणाली. आवाज जेमतेम आला.

 मग उल्काबाई गेनबाकडे वळल्या आणि लहान मुलाला सांगावं तसं सावकाश बोलल्या.

"काका, गळ्यात एक ग्रंथी असते. हिची ती कमी काम करते. तिचं काम ही गोळी करते. पण गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते. पुढं तासभर चहासुद्धा नाही, आणि दूध तर चार तास नाही. पोटात दूध असलं की गोळी अंगात शिरतच नाही. तुमची म्हैस उत्तम असेल, दूध उत्तम असेल. गोळी मात्र वाया गेली. आणि निरसं म्हणजे न उकळलेलं? गरोदर बाईला? वा. तेही आजपासून बंद."

गेनबा उभा होता तो उभाच राहिला. हात मात्र पेला धरल्यासारखे पोटाशी आले होते.

"शेफाली, हे सगळं मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं ना?"

"हो."

"कागदावर लिहून दिलं होतं?"

"हो, मॅडम."

ते दोन होकार गेनबानं ऐकले. तिला माहीत होतं. रोज पेला घेताना माहीत होतं, आणि तरी ती प्याली, कारण समोर हा उभा होता.

"पोराला काय व्हईल?" त्यानं विचारलं.

उल्काबाईंचा आवाज उतरला. "पहिले काही महिने बाळाचा मेंदू घडत असतो आणि त्याला लागतं ते आईच्याच रक्तातून मिळतं. आईपाशी कमी, तर बाळाला कमी. किती कमी पडलं आणि त्यानं काही झालं का, हे मी आज सांगू शकत नाही. बहुतेक काही होणार नाही. गोळी अगदीच बंद नव्हती, थोडी तरी लागू पडलीच असेल. पण इथून पुढं एकही दिवस चुकवायचा नाही."

"बहुतेक," गेनबा म्हणाला.

"बहुतेक. मी खोटं सांगत नाही, काका."

परत येताना रिक्षा मिळाली तेव्हा गेनबा पुन्हा पुढं बसायला गेला.

"आबा," मागून शेफाली म्हणाली, "मागं बसा. पडाल."

तिनं पिशवी मांडीवर घेतली होती. तो मागं बसला. मांजरी येईपर्यंत दोघं आपापल्या बाजूच्या रस्त्याकडे बघत राहिले. फुरसुंगीच्या फाट्यावर वाढ्यांनी भरलेली बैलगाडी आडवी आली. हिरव्यागार मोळ्या, ताज्या कापलेल्या. गेनबानं डोळे मिटून घेतले.

घरी आल्यावर तो सरळ मुक्ताबाईपुढं उभा राहिला.

"त्या गोळीचं मला का न्हाय सांगितलं?"

"बायकांचं दुखनं बाप्याला काय सांगायचं?" मुक्ताबाई लसूण सोलत होती. "आन तुमी काय करनार व्हता ऐकून?"

"दूध पाजलं नसतं!" तो इतक्या जोरात ओरडला की गोठ्यात भुरीनं मान वर केली. सगळं सांगितल्यावर मुक्ताबाईच्या हातातला लसूण तसाच राहिला. "पीत जा," असं सुनेला तीच म्हणाली होती. तिला ते आठवलं. तिनं पदर तोंडाला लावला.

थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, "गेल्या बारीला बी तेच व्हतं म्हनं. त्या गळ्याच्या गाठीचं. डाक्टरीन म्हनली व्हती, मोळीबिळीचं काय न्हाय, रक्तात दोष निघालाय, तेनं आसंल."



"मोळीनं न्हाय?"

"न्हाय म्हनली. बहुतेक न्हाय."

अकरा महिने तो ज्या मोळीखाली वाकला होता ती मोळी नव्हतीच. त्याला क्षणभर हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लगेच लाज वाटली. जे केलं नव्हतं त्याची भरपाई करायला गेला आणि भरपाई करता करता खरंच करून बसला. तो गोठ्यात गेला आणि उगाच स्वच्छ गव्हाण पुन्हा झाडत बसला.

दुसऱ्या दिवशी पाचाला भुरी रेकली. गेनबानं कास धुतली, चार धारा भुईवर सोडल्या आणि हात सवयीनं पेल्याकडे गेला. दोन धारा आत पडल्यावर तो भानावर आला. पेल्यातलं दूध चरवीत ओतलं, पेला नळाखाली राखेनं घासला, तीनदा विसळला आणि पाण्यानं भरला. पायरीशी येऊन अंगठी वाजवली.

शेफाली आली. पेल्यात पाहिलं. मुठीतली गोळी जिभेवर ठेवली आणि पाणी प्याली. पेला पालथा पडला, पण गेनबा वळला नाही. तो पायरीच्या खालच्या अंगाला बसून राहिला.

आत भांड्याचा आवाज झाला तसा तो गरजला, "कोन हाय? सहाच्या आत चहा टाकायचा न्हाय!"

"आवो मला पायजे," मुक्ताबाई आतून म्हणाली.

"तू बी सहाला पी. वास आला तर तिला वाटनार न्हाय व्हय?"

त्या थंडीत घरातला चहा एक तास उशिरा गेला आणि दूध दहा वाजता, उकळून, साय काढून. दूध नेणारी गाडी साडेसहाला यायची. गेनबा एक म्हैस पिळायचा, उठून घराकडे एक नजर टाकून यायचा, मग दुसरीला बसायचा. गाडीवरचा माणूस कुरकुरायचा, "आबा, रोज काय उशीर? कात्रजला आमची वाट बघत बसत नाहीत." साईनाथ हसून बायकोला म्हणायचा, "तुला झेड सिक्युरिटी लावलीये बघ." शेफाली हसत नसे.

जानेवारीत आकडा साडेचारवर आला, फेब्रुवारीत अडीचवर. उल्काबाईंनी फोनवर "गुड" म्हटलं. साईनाथनं ते घरात मोठ्यानं सांगितलं. शेफालीच्या तोंडावरची सूज उतरली, ती दिवसा जागी राहू लागली, भाकरी फुगू लागल्या. घरातला ताण जरा सैल झाला. गेनबाचा मात्र नाही. पुढचं सुधारलं, ते ठीक. मागचे चार महिने कुणाच्या बापाला परत आणता येणार होते? तो धारा काढता काढता ते मोजायचा. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. रोजचा एक पेला, फेसासकट.

एप्रिलच्या शेवटी मुलगी झाली. पावणेतीन किलो, डोकंभर जावळ. नाव सृष्टी ठेवलं. तिसऱ्या दिवशी तिच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेतले, तेव्हा गेनबा कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून उभा होता. रिपोर्ट साईनाथच्या मोबाइलवर आला. नॉर्मल.

"परत वाच," गेनबा म्हणाला.

"नॉर्मल आहे आबा."

"म्हंजी डोस्कं?"

"म्हणजे थायरॉईड. बाळाचा थायरॉईड एकदम ओके."

"आन डोस्कं?"

"डोक्याचा रिपोर्ट नसतो आबा," साईनाथ वैतागून म्हणाला. "मोठी झाली की कळतं."

गावभर पेढे वाटले गेले. गेनबानं एक तोंडात टाकला, पण तो गिळायला त्याला फार वेळ लागला. मोठी झाली की कळतं, हे त्याच्या कानातून जाईना.

शेफालीची गोळी आता बाळंतपणानंतरही चालूच राहणार होती. त्यामुळं पहाटेचा पाण्याचा पेला चालू राहिला, आणि अंगठीची टिंगटिंगही. सृष्टी तीन महिन्यांची झाली, चार महिन्यांची झाली. मागच्या दाराशी तुळईला झोळी बांधली होती. गेनबा म्हशींचं आवरलं की हात धुऊन तिथं यायचा. पेला हातात घ्यायचा, झोळीच्या मागं, पोरीला दिसणार नाही असा उभा राहायचा आणि अंगठी वाजवायचा. डाव्या कानामागं, टिंग. पोर डावीकडे बघायची. उजव्या कानामागं, टिंग. पोर उजवीकडे बघायची, कधी बोळकं उघडून हसायची. गेनबाचा जीव भांड्यात पडायचा. तो फक्त उद्या सकाळपर्यंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेला, पुन्हा अंगठी. आज नाही वळली तर? मुक्ताबाईला वाटायचं, आजोबा नातीला खेळवतोय. ती कौतुकानं शेजारणींना सांगायची.

सप्टेंबरातली एक दुपार. भुरीचा पाय धरला होता, म्हणून तेलाची बाटली न्यायला गेनबा अवेळी मागच्या दाराकडे आला आणि थबकला. झोळीच्या मागं शेफाली उकिडवी बसली होती. हातात तोच पेला. डोक्यावरची ओढणी खांद्यावर घसरलेली. ती श्वास रोखून हातातली बांगडी पेल्यावर आपटत होती. आधी डाव्या बाजूला, मग उजव्या. मग वाट बघायची. मग पुन्हा.

तिनं वर पाहिलं. ओढणी सावरायचं तिला सुचलं नाही.

"वळते आबा," ती म्हणाली. "रोज वळते."

"म्हाईत हाय."

"तरी मी रोज बघते."

"म्या बी."

ती उठली नाही. पेला तसाच हातात धरून म्हणाली, "मला माहीत होतं. गोळी वाया जातीय हे रोज माहीत होतं. एकदा पेला दारामागं ठेवला होता, रोपांना घालणार होते. तुम्ही दिवसभर जेवला नाहीत. मग मला वाटलं, एवढ्याशा दुधानं काय होतंय. खोटं कशाला बोलू, वाटलं नाही, वाटून घेतलं. मी दिवसभर अनोळखी लोकांना फोनवर नाही म्हणायचे आबा. तुम्हाला एकदा म्हणता आलं नाही. आई मी आहे तिची. मला म्हणायला पाहिजे होतं."

गेनबा चौकटीला हात लावून उभा होता. त्याला म्हणायचं होतं, तुझा काय दोष पोरी. ते खरंही होतं. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं हे त्याला कळत होतं.

"म्हनली असतीस तर म्या आयकलं असतं व्हय?" तो म्हणाला. "मुक्तीकडं बघून म्हनलो असतो, तिला म्हनावं गप पी." आणि खाली बघत, "मोळी चढवली तवा मला म्हाईत व्हतं, चौथा महिना हाय. तेनं झालं न्हाय म्हनत्यात डाक्टर. पन मला म्हाईत व्हतं आन म्या चढवली. एक न्हाय, तीन."

तिनं मान हलवली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, त्यानंही मागितलं नाही. झोळीतून पोरीचे दोन पाय बाहेर येऊन हवेत सायकल चालवत होते.

"आबा, आता नको वाजवायला," शेफाली म्हणाली. "तुम्हीही नको, मीही नको. तिला कळायला लागेल, आपण हिला तपासतो म्हणून."

"व्हय," गेनबा म्हणाला. "नगं."

त्यानं पेला तिच्या हातातून घेतला, तेलाची बाटली घेतली आणि गोठ्याकडं गेला.

दुसऱ्या दिवशी पाचाला भुरी रेकली. गेनबानं पेला घासला, पाण्यानं भरला आणि पायरीशी आला. अंगठीचं बोट सवयीनं उचललं गेलं. काल दिलेला शब्द आठवला, बोट खाली घेतलं. आता आत कळवायचं कसं? खोकून पाहिलं. कुणी आलं नाही. त्यानं पेला पायरीवर ठेवला. शेवटी त्यानं घसा खाकरला आणि घराण्यात कुणा सासऱ्यानं केलं नव्हतं ते केलं. सुनेला नावानं हाक मारली.

"शेफाली! पानी ठेवलंय, गोळी घे."

ती दारात आली. हातात गोळी होती. ती पेला उचलायला वाकली आणि अर्ध्यातच थांबली. तिच्या मागं झोळीत पोर जागी झाली होती आणि आजोबाच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवून बघत होती.

वळते का ते बघायचं नाही, असं कालच ठरलं होतं. दोघांनीही पाहिलं.